फुकटची लीद आणि मुरडलेले टोमॅटो : लंडनमधल्या सव्वा गुंठ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

लंडनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात आमची अ‍ॅलॉटमेंट साइट आहे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिल भाजीपाला पिकवायला नागरिकांना जमिनीचे तुकडे भाड्याने देते. लोकांची मागणी असेल तर कौन्सिलने अशी जमीन उपलब्ध करून द्यावी, हे १९०८ च्या कायद्यात आहे. मोजमाप अजून रॉडमध्ये चालतं. पूर्ण प्लॉट १० रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर. आपल्या हिशोबाने अडीच गुंठे. हल्ली प्रतीक्षायादी लांबल्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला अर्धाच येतो.

हे प्रकरण अशाच एका अर्ध्या प्लॉटचं आहे. तो ज्या नवरा-बायकोकडे आहे त्यांना मी भाऊ आणि वहिनी म्हणतो, इथेही तेच म्हणेन. भाऊ नोकरदार, पुण्यात वाढलेले, हातात ड्रिल मशीन आलं की खूश. वहिनी सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. माझा प्लॉट त्यांच्यापासून दोन सोडून तिसरा, आणि मी साइटच्या कमिटीवरही आहे. थोडक्यात, हे सगळं मी जवळून पाहिलं आणि मध्ये एक चुकीचा सल्लाही दिला. तो पुढे येईल.

तीन वर्षं यादीत थांबून ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना किल्ली मिळाली. जमीन कसली, काटेरी ब्लॅकबेरीचं रान होतं. त्याखाली आधीच्या माणसाने तण दाबायला अंथरलेली घरातली जुनी कार्पेट. कार्पेटचा सिंथेटिक धागा कुजत नाही, मातीत तुटत जातो, आणि त्याच्यातून हरणखुरी आरामात वर येते. हो, आपल्या शेतात असते तीच हरणखुरी, इथे तिला बाइंडवीड म्हणतात. कार्पेट ओढायला गेलं की अर्धं हातात आणि अर्धं मुळांत. हे काढण्यात पूर्ण हिवाळा गेला. आमच्या साइटवर आता कार्पेट अंथरायला बंदी आहे, ती उगाच नाही.

पहिल्या वर्षासाठी त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला: खर्च १५० पौंडांच्या आत, आणि जुनी मिळते ती वस्तू नवी घ्यायची नाही.

जमवाजमव

या भागात भाऊंची कामगिरी उत्तम आहे. ती थोडी सविस्तर सांगतो, कारण पुढची चूक का झाली ते याच्यातूनच कळतं.

लाकूड. कंपोस्टचे कप्पे करायला त्यांनी पॅलेट, म्हणजे गोडाऊनात माल ठेवायच्या लाकडी चौकटी, जमवली. पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि शेजारी अक्षरं छापलेली असतात. 'एचटी' म्हणजे लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं, गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान ३० मिनिटं दिलेलं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. तो वायू युरोपात २०१० पासून बंद आहे, तरी जुनी पॅलेट फिरत असतात. भाऊ टॉर्च घेऊन गोडाऊनच्या मागे एकेक पॅलेट उलटं करून शिक्का वाचायचे. निळी रंगवलेली पॅलेट ती भाड्याने देणाऱ्या कंपन्यांची मालमत्ता असते, ती फुकट पडलेली दिसली तरी आपली नाहीत, हेही त्यांनी विचारून घेतलं होतं.

वाफ्यांच्या कडांना एका बिल्डरकडून परांचीच्या जुन्या फळ्या मिळाल्या. त्यांवर सहसा कुठलं रसायन मारलेलं नसतं. त्यात सहा गादीवाफे बसले, प्रत्येक ३ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचावा म्हणून ही रुंदी. त्याच सुमारास एकाने रेल्वेचे जुने स्लीपर फुकट देऊ केले. दिसायला राजेशाही, शंभर वर्षं टिकतील असे. भाऊंचा जीव अडकला होता, पण त्यांनी नाही म्हटलं. जुन्या स्लीपरमध्ये क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायला वापरायचे ते डांबरी तेल, मुरलेलं असतं आणि उन्हात ते काळं होऊन पाझरतं. घरगुती वापरासाठी क्रिओसोटची विक्री इथे २००३ मध्येच बंद झाली.

पाणी. शेडच्या छपराला जुनी पन्हळ लावून खाली दोन निळे ड्रम ठेवले, प्रत्येकी सुमारे २०० लिटर. ड्रम घेताना झाकण उघडून वास घेतला. एकात संत्र्याचा रस होता, तो घेतला. ज्याला फिनेलसारखा वास होता तो परत केला. हिशोब मात्र वहिनींनी घातला: छप्पर १.८ मीटर बाय १.२, म्हणजे जेमतेम सव्वादोन चौरस मीटर. दहा मिलिमीटर पाऊस पडला तर एकवीस-बावीस लिटर. ड्रम भरायला किती पाऊस लागेल ते तुम्हीच बघा. भाऊ दोन दिवस गप्प होते.

कोल्ड फ्रेम, म्हणजे रोपांसाठी काचेची पेटी. खिडकीची काच फुटली की सुऱ्या होतात, म्हणून भाऊंनी कुणीतरी टाकून दिलेला शॉवरचा दरवाजा आणला. ती काच टफन्ड असते, फुटली तर बारीक खडे होतात. ही युक्ती मी पुढे चार जणांना सांगितली आहे.

आणि बाथटब. रस्त्याकडेला टाकलेला अ‍ॅक्रिलिकचा टब दोघांनी ट्रॉलीवर ढकलत आणला, बूच तसंच ठेवून मातीने भरला आणि त्यात अळूचे कांदे लावले. येणारे-जाणारे इंग्रज शेजारी थांबून विचारायचे की इथे अंघोळ कोण करणार. अळूला चिखल लागतो आणि चिखल टिकवायला टबासारखी जागा नाही. ऑगस्टमध्ये अळूवड्या झाल्या, मीही खाल्ल्या.

राहिलं खत. फेब्रुवारी २०२२ मध्ये सात-आठ मैलांवरच्या एका तबेल्याच्या फाटकावर पाटी दिसली: लीद फुकट, पोती आपली आणा. तीन फेऱ्यांत २६ पोती आणली. काळी, भुसभुशीत, वाफ निघणारी लीद. वहिनींनी फोटो काढून गावाकडच्या ग्रुपवर टाकला.

२६ पैकी २४ पोती चार वाफ्यांवर पडली, साधारण सहा-सात सेंटीमीटरचा थर. पहिल्या दोन वाफ्यांत ती खणून मिसळली, तिसऱ्या-चौथ्यात वरच पसरली. पाचव्या आणि सहाव्या वाफ्यापर्यंत कंटाळा आला, म्हणून तिथे साइटवरच्या ढिगातला कुजलेला पालापाचोळा घातला. हा कंटाळा पुढे फार उपयोगी पडला.

पॅलेटचा शिक्का वाचला, ड्रमचा वास घेतला, स्लीपर नाकारले. लिदीबद्दल मात्र एकही प्रश्न विचारला नाही. मीही विचारला नसता. शेणावर शंका घ्यायची आपल्याला सवयच नाही. ज्याने अंगण सारवतात त्यात विष असेल असं डोक्यात येत नाही.

अडचण

टोमॅटोची रोपं जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या वाफ्यात गेली. घेवडा तिसऱ्यात, मका चौथ्यात, बटाटे आधीच पहिल्यात. रोपं जास्त झाली म्हणून चार टोमॅटो सहाव्या वाफ्यात मेथीच्या कडेला खुपसले.

महिना संपता संपता टोमॅटोचे शेंडे बिघडले. नवी पानं रुंद व्हायच्या ऐवजी दोऱ्यासारखी बारीक, नेच्याच्या पात्यासारखी आत वळलेली. खोड पीळ घातल्यासारखं. घेवड्याची पानं वाटीसारखी वर मुडपलेली आणि शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या समांतर. बटाट्याचे वरचे पाले मुठी वळल्यासारखे. मका मात्र ठणठणीत, हिरवागार.

पहिला सल्ला माझा. मी सांगितलं की हा उन्हाचा ताण आहे, पाणी वाढवा. ते वर्षच तसं होतं. इंग्लंडमध्ये १९३५ नंतरचा सर्वांत कोरडा जुलै, आणि १९ जुलैला हीथ्रोला ४०.२ अंश. विदर्भातल्या माणसाला हसू येईल, पण इथल्या भाजीला आणि इथल्या माणसाला ते झेपत नाही. कोल्ड फ्रेममधली कोबीची रोपं त्या दिवशी शब्दशः शिजली, काच उघडायला कुणी नव्हतं. तेव्हा उन्हाचं निदान सगळ्यांना पटलं. पण शेंडे त्या आधी तीन आठवडे वळायला लागले होते, हे कुणी मोजलं नाही.

दुसरा सल्ला साइटवरच्या एका जुन्या, जाणत्या माळ्याचा: हा विषाणू आहे, काकडीच्या मोझॅइकने अशीच दोऱ्यासारखी पानं होतात, उपटून टाका. वहिनींनी आठ रोपं उपटली आणि आपल्या नव्या कंपोस्टच्या कप्प्यात टाकली. खरंच विषाणू असता तरी ती कंपोस्टमध्ये टाकायची नव्हती. आणि विषाणू नसल्यामुळे हीच कृती दुप्पट महागात पडली.

निदान

जुलै संपताना वहिनींनी त्यांच्या वडिलांना, अप्पांना, व्हिडिओ कॉलवर वाफा दाखवला. त्यांनी तो संवाद मला जसा सांगितला तसाच देतो.

अप्पांनी पानं जवळून बघितली आणि विचारलं, "शेजारी कुणी ऊस लावलाय का गं?"

"अप्पा, लंडनात कुठला ऊस?"

"मग टू-फोर-डी मारल्यागत का दिसतंय हे? आपल्या बागेची पानं झालेली आठवतात का?"

द्राक्षपट्ट्यात हे कुणालाही विचारा. उसातलं रुंद पानांचं तण मारायला टू-फोर-डी फवारतात, वाऱ्याने त्याचा अंश शेजारच्या द्राक्षबागेत जातो आणि वेलीची पानं आक्रसून पंख्यासारखी होतात. उसाला काही होत नाही, कारण ऊस गवताच्या कुळातला. विदर्भात कपाशीचंही असंच होतं, कपाशीचं पान भेंडीसारखं दिसायला लागतं.

मग अप्पांनी दुसरा प्रश्न विचारला, जो आमच्यापैकी कुणालाही सुचला नव्हता: "शेणखत कुठलं घातलंस? त्या जनावरानं खाल्लं काय?"

वहिनींनी त्या रात्री शोधायला सुरुवात केली आणि अमिनोपायरॅलिड हे नाव सापडलं. हेही टू-फोर-डीसारखंच काम करणारं तणनाशक. झाडाच्या स्वतःच्या वाढ-संप्रेरकाची ते नक्कल करतं, त्यामुळे रुंद पानांचं रोप वेडंवाकडं वाढून मरतं. इथे ते कुरणातलं काटेरी तण मारायला वापरतात. गवताला इजा होत नाही, पण रसायन गवताच्या काष्ठतंतूंत अडकून राहतं. त्या गवताचा सुका चारा होतो, घोडा तो खातो, घोड्याला काही होत नाही आणि रसायन जसंच्या तसं लिदीतून बाहेर पडतं. ढिगात महिनोन्महिने टिकतं. मातीत जाऊन तंतू कुजायला लागले की सुटं होतं आणि मुळांत शिरतं. टोमॅटो, बटाटा, घेवडा, वाटाणा, गाजर, लेट्यूस यांना ते अब्जात एखाद-दोन भाग असलं तरी पुरतं. म्हणजे 'नीट कुजलेलं खत' हा निकष इथे कामाचाच नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रकार नवा नव्हता. २००८ मध्ये अ‍ॅलॉटमेंटधारकांच्या इतक्या तक्रारी झाल्या की या रसायनाची परवानगी काही काळ स्थगित झाली होती. नंतर अटी घालून ते परत आलं. आमच्या कमिटीच्या जुन्या फाइलमध्ये त्या वर्षीचं एक सूचनापत्रक सापडलं. पत्रक होतं, वाचणारं कुणी नव्हतं. कमिटीत मीही होतो.

आणि पुरावा तर वाफ्यातच उभा होता. सहाव्या वाफ्यातले चार टोमॅटो, त्याच पिशवीतलं बी, तेच ऊन, तेच पाणी, आणि पानं सरळ. मका गवताच्या कुळातला म्हणून ठणठणीत. आम्ही सगळ्यांनी त्यांना सोडून रोज आजारी झाडांकडेच बघितलं.

तरी वहिनींनी अंदाजावर थांबायचं नाही असं ठरवलं. त्या फार्मसीत काम करतात, त्याचा हा परिणाम असावा. कुंडीतली चाचणी सोपी आहे. उरलेल्या दोन पोत्यांतली लीद तीन कुंड्यांत, अर्धी लीद आणि अर्धं पिशवीतलं पॉटिंग मिश्रण. आपल्या कप्प्यातलं कंपोस्ट तसंच आणखी तीन कुंड्यांत. नुसतं पॉटिंग मिश्रण तीन कुंड्यांत. सगळ्यांत ब्रॉड बीन आणि घेवडा पेरला. प्रत्येक कुंडीखाली वेगळी बशी, कारण एकीचं पाणी दुसरीत गेलं तर चाचणीला अर्थ नाही. सहाव्या वाफ्याची माती चौथा गट म्हणून ठेवली, कारण विकतचं मिश्रणही दूषित निघू शकतं.

चार आठवड्यांनी लिदीच्या तिन्ही कुंड्यांत तिसऱ्या पानापासून वाट्या वळल्या. कंपोस्टच्या तीनपैकी एका कुंडीत हलकी लक्षणं. बाकी सगळ्या कुंड्या निरोगी. उपटलेल्या आठ झाडांनी कंपोस्टही बाटवलं होतं.

समोरचे पर्याय

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही शेडसमोर चहा घेत बसलो आणि पर्याय मांडले. चार तास गेले, म्हणून थोडक्यात.

माती उचलून टाकायची. चार वाफे, प्रत्येकी ३.६ चौरस मीटर, वीस सेंटीमीटर खोल म्हटलं तर जवळपास तीन घनमीटर माती, म्हणजे चारेक टन. ती नेणाऱ्या स्किपचा, म्हणजे राडारोडा वाहायच्या भाड्याच्या मोठ्या पेटीचा, आणि नव्या मातीचा खर्च त्यांच्या वर्षाच्या बजेटच्या कितीतरी पट. शिवाय दुसऱ्याच्या माथी दूषित माती मारायची. हा पर्याय पहिल्या कपातच गेला.

प्लॉट बदलायचा. हे मी सुचवलं, एक अर्धा प्लॉट रिकामा होत होता. वहिनी म्हणाल्या, "आणि इथे जो येईल त्याला काय सांगायचं?" मी गप्प बसलो.

त्या जागी दोन वर्षं फक्त गवतकुळातली पिकं घ्यायची, मका वगैरे. स्वस्त, पण सव्वा गुंठ्यातली अर्धीअधिक लागवड मक्याखाली घालवायला भाऊ तयार नव्हते. आणि मक्याचे ताटे परत कंपोस्टमध्ये टाकता येणार नाहीत, कारण त्यातही रसायन असू शकतं.

चौथा पर्याय म्हणजे न कुजलेली लीद शक्य तितकी काढायची आणि राहिलेल्यावर मातीतल्या जिवाणूंना काम करू द्यायचं. हे रसायन मोडतं ते मुख्यतः मातीतल्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि त्यासाठी ते मातीत नीट मिसळायला हवं, हवा आणि ऊब हवी. म्हणजे वारंवार खणणं आलं. भाऊंनी वर्षभर न खणता शेती करण्यावर व्हिडिओ बघितले होते आणि सगळ्या साइटला त्यावर व्याख्यानं दिली होती.

तबेल्यावर दावा किंवा तक्रार हाही विषय निघाला. वहिनींनी आधी जाऊन बोलते म्हणून तो बाजूला ठेवला.

काय केलं

तबेल्याच्या बाईंना या रसायनाचं नावही माहीत नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या कुरणावर काहीच फवारलेलं नव्हतं, पण हिवाळ्यातला सुका चारा व्यापाऱ्याकडून येत होता आणि तो कुठल्या शेतातला हे व्यापाऱ्यालाही सांगता आलं नाही. साखळी तिथे तुटली. बाईंनी दोन गोष्टी केल्या: फाटकावरची पाटी उतरवली आणि परत आणलेली लीद आपल्या कुरणावर पसरायला घेतली, जिथे गवताला तिचा त्रास नाही.

तिसऱ्या-चौथ्या वाफ्यावर लीद वरच पसरलेली होती म्हणून फावड्याने ओरबाडून नऊ पोती परत गेली. पहिल्या-दुसऱ्यातली मिसळलेली, ती निघण्यासारखी नव्हती. हा फरक नोंदवण्यासारखा आहे. जे खत वर पसरतो ते चुकलं तर उचलता येतं.

दूषित कंपोस्टचा अख्खा कप्पा कुंपणाकडेच्या गवताच्या पट्ट्यावर पसरला. भाऊंना सर्वांत जास्त दुःख याचं झालं. पॅलेटचा तो कप्पा त्यांनी बिजागरीच्या दारासकट केला होता आणि पहिलं कंपोस्ट सोन्यासारखं जपलं होतं.

मग खणणं. चारही वाफे सप्टेंबर, ऑक्टोबर आणि मार्चमध्ये, तीन वेळा. प्रत्येक वेळी लिदीतले न कुजलेले काडीचे गोळे हाताने फोडायचे, कारण रसायन त्या काड्यांतच अडकलेलं. भाऊ खणताना साइटवरचं कुणी दिसलं की मान खाली घालायचे. व्याख्यानं बंद झाली.

कमिटीच्या बाजूने आम्ही एवढंच केलं: जुनं सूचनापत्रक फाटकावर लावलं आणि बाहेरून खत आणणाऱ्याने आधी कुंडीतली चाचणी करावी असा नियम केला. त्याला दोघांनी विरोध केला, चार आठवडे कोण थांबणार म्हणून. नियम झाला, पण पाळला जातो का ते बघायला दर वेळी कुणी जात नाही.

निष्पत्ती

मार्च २०२३ मध्ये वहिनींनी प्रत्येक वाफ्यातली माती तीन ठिकाणांहून घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत पुन्हा कुंड्या मांडल्या. पहिला, तिसरा, चौथा वाफा स्वच्छ. दुसऱ्या वाफ्याच्या एका कोपऱ्यातल्या कुंडीत मात्र अजून पानं वळत होती. तिथे कदाचित एखादं अख्खं पोतं एकाच जागी पडलं असावं. त्या वाफ्यात मका लावला आणि टोमॅटो तिसऱ्यात गेले.

टोमॅटो सुंदर आले. पानं रुंद, खोड सरळ. वहिनी रोज शेंड्याचा फोटो अप्पांना पाठवायच्या. पहिली फळं जुलैच्या मध्याला पिकली. पण तो जुलै पावसाचा निघाला, आणि ऑगस्टच्या मध्याला साइटवर करपा आला. चार दिवसांत सगळी झाडं काळी. नऊ किलो पिकलेली फळं मिळाली, बाकीची हिरवीच तोडावी लागली. त्या हिरव्यांची शेंगदाणे, तीळ आणि लसूण घालून केलेली चटणी आमच्याकडे दोन बरण्या आली.

पैशाचा हिशोब: पहिल्या वर्षी १५० पौंडांच्या ऐवजी २१० गेले. स्क्रू, बिजागऱ्या, पन्हळीचे जोड, एका दिवसाचं व्हॅनचं भाडं, आणि फुकटच्या वस्तू आणायला जाळलेलं पेट्रोल. शेवटची बाब भाऊंनी आधी धरलीच नव्हती. पॅलेट आणि लिदीसाठी केलेल्या फेऱ्यांना ४० पौंडांचं पेट्रोल लागलं. ती रक्कम विकतच्या खताच्या काही पिशव्यांइतकी होते.

पाण्याचे ड्रम २०२२ च्या जुलैत कोरडे ठाक होते, वहिनींच्या हिशोबाप्रमाणे. पुढच्या वर्षी भाऊंनी शेजाऱ्याच्या शेडचं छप्परही पन्हळीला जोडलं, त्याबदल्यात त्यांना एक ड्रम. कोल्ड फ्रेमला आता एक काडी लावलेली असते, ऊन असो वा नसो.

वेगळं काय करता आलं असतं

यावर आम्ही तिघं अजून एकमताचे नाही.

वहिनींचं म्हणणं, तबेल्याच्या फाटकावरच तीन प्रश्न विचारायला हवे होते: चारा कुठून येतो, ज्या शेतातला आहे तिथे गेल्या दोन-तीन वर्षांत तणनाशक मारलं का, आणि घोड्याखाली अंथरायला काय वापरता. अंथरायचा पेंढाही दूषित असू शकतो, लाकडाचा भुसा असेल तर तो धोका कमी. मला हे अर्धंच पटतं. त्या बाईंनी प्रामाणिकपणे उत्तरं दिली असती आणि तरी फसगत झाली असती, कारण त्यांनाच ठाऊक नव्हतं. प्रश्नांनी काम भागलं नसतं. फेब्रुवारीत एक पोतं आणून खिडकीत चार कुंड्या लावल्या असत्या तर मार्चअखेरीस उत्तर मिळालं असतं आणि लागवड जूनमध्येच होती. वेळ भरपूर होता. पोती २६ आणायची घाई होती, कारण ती फुकट होती.

भाऊंचा मुद्दा वेगळा आहे. ते म्हणतात की सगळं खत एकाच ठिकाणाहून आणायला नको होतं आणि सगळ्या वाफ्यांवर एकाच वर्षी घालायला नको होतं. दोन वाफे कंटाळ्यामुळे वाचले, ते ठरवून वाचवायला हवे होते. हा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. दर वर्षी एखाद्या वाफ्यात नवीन काही घालायचं नाही, म्हणजे तुलना करायला जागा राहते. दवाखान्यात काम करणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही, आम्हाला सांगावं लागलं.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी उन्हाचा सल्ला दिला तेव्हा प्लॉट नीट फिरून बघितला नव्हता. वाटेवर उभा राहून बोललो. सहाव्या वाफ्यापर्यंत आणखी आठ पावलं टाकली असती तर ती चार निरोगी झाडं दिसली असती. आणि आजारी झाड उपटलं की कारण कळेपर्यंत ते काळ्या पिशवीत बांधून शेडमागे ठेवायचं, कंपोस्टमध्ये नाही, हे मी आता नव्या लोकांना किल्ली देतानाच सांगतो.

एका गोष्टीवर मात्र वाद नाही. स्लीपर नाकारले ते बरोबर होतं आणि शॉवरचा दरवाजा आणला तेही. जुनी वस्तू वापरण्यात काही चुकलं नव्हतं. भाऊ अजूनही रविवारी सकाळी गोडाऊनच्या मागे टॉर्च घेऊन फिरतात. आता त्यांच्या खिशात घेवड्याच्या बियांचं पाकीटही असतं.

दुसऱ्या वाफ्याच्या त्या कोपऱ्यातली कुंडी वहिनी दर मार्चला लावतात. २०२४ मध्ये पानं सरळ आली. अप्पांना फोटो पाठवला तर त्यांचं उत्तर आलं, "एक कुंडी बघून ठरवू नकोस. तीन लाव."